बूस्टर नको, वायर ओढा

होमस्टेवरच्या मागच्या व्हिडिओत मी एक वाक्य ओझरतं बोलून गेलो होतो, की वायफायवर पैसे घालायचेच असतील तर राउटरवर नको, वायरवर घाला. सगळ्यात जास्त प्रश्न त्याच वाक्यावर आले. "सर, माझा राउटर चार अँटेनांचा आहे, तरी मागच्या खोलीत रेंज नाही." "सर, अंगणात टेबलं टाकलीत, गिऱ्हाइकाचं पेमेंटच होत नाही." व्हिडिओत दहा सेकंदांत उरकलं ते इथे नीट लिहितो. मत माझं आहे, पटलं नाही तर भांडा.

आधी एक खरी गोष्ट. गुहागरकडच्या एक ताई आमच्या बॅचला होत्या. सासऱ्यांच्या वेळचं चिऱ्याचं घर, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मग माजघर, मागे दोन खोल्या. पोफळीच्या बागेत साठेक मीटरवर दोन नव्या स्लॅबच्या खोल्या बांधलेल्या. फायबरचं कनेक्शन आलं ते ओटीवर, कारण रस्ता तिकडे, खांब तिकडे. पुण्याचं एक जोडपं चार रात्रींसाठी आलं. दोघांचंही काम लॅपटॉपवर. पहिला दिवस त्यांनी ओटीवरच्या बाकावर बसून काढला, दुसऱ्या दिवशी दुपारी हिशोब करून निघाले. दोन रात्रींचे पैसे ताईंनी परत दिले. खाली रिव्ह्यू आला, "जागा सुंदर, जेवण घरचं, पण वायफाय फक्त ओटीवर."

ताईंनी तालुक्याच्या एका दुकानात विचारलं. त्यांनी एक बूस्टर दिला. तो चालेना म्हणून दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी मोठा राउटर. सगळे मिळून साडेनऊ हजार रुपये गेले. मी गेलो तेव्हा मागच्या खोलीत मोबाइलवर वायफायच्या काड्या पूर्ण भरलेल्या आणि व्हिडिओ कॉल मात्र अडकलेला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

आता हे असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी दुकानदार तुम्हाला गंडवू शकणार नाही. वायफाय म्हणजे रेडिओलहरी. भिंतीतून जाताना त्यातला काही भाग भिंत खाते. किती खाते ते भिंत कशाची, किती जाड आणि किती ओली यावर ठरतं. प्लायवूडचं पार्टिशन फारसं काही करत नाही. विटेची नऊ इंची भिंत बऱ्यापैकी खाते. सळया भरलेला स्लॅब आणि काँक्रीटची भिंत त्याहून जास्त. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत जाड असते, दगड सच्छिद्र असतो आणि पावसाळाभर पाणी धरून ठेवतो, आणि या लहरींना पाणी चांगलंच अडवतं. म्हणून कोकणात आणि गोव्यात "उन्हाळ्यात ठीक होतं हो, जुलैत बंद पडलं" अशी तक्रार ऐकू येते. राउटर बिघडलेला नसतो. घाटावर काळ्या दगडाचे वाडे आहेत, तिथे भिंतच दीड-दोन फुटांची. पत्रा, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी, यांच्या मागे तर विचारूच नका.

आणखी एक. राउटरवर दोन पट्टे असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५चा वेग जास्त, पण भिंतीत तो लवकर दमतो. २.४ लांब जातो, पण हळू असतो आणि शेजारच्यांच्या वायफायची, ब्लूटूथची, मायक्रोवेव्हची त्यावर गर्दी असते. म्हणजे राउटर शेजारी घेतलेली स्पीड टेस्ट आणि तीन भिंतींपलीकडे पाहुण्याला मिळणारा वेग यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

सिग्नल मोजायला काही विकत घ्यायला नको. अँड्रॉइड मोबाइलवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं एखादं फुकट ॲप टाका. त्यात उणे आकडा दिसतो, डीबीएममध्ये. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे फर्स्ट क्लास. उणे ६५च्या आसपास व्हिडिओ कॉल आरामात चालतो. उणे ७५च्या पुढे गेलं की रडारड सुरू. या आकड्यांचं गणित थोडं वेगळं आहे, १० नी कमी झालं म्हणजे ताकद दहावा भाग उरली. समजा एक भिंत १० खाते, तर दोन भिंतींमागे शंभरावा भाग पोचतो. तीन भिंतींमागे हजारावा. आता सांगा, राउटर बदलून दुप्पट ताकदीचा आणला तरी काय होणार? दुप्पट म्हणजे या हिशोबात फक्त ३. एका भिंतीचीही भरपाई नाही!

आणि तेवढंही मिळत नाही, कारण बोलणं दोन्ही बाजूंनी व्हावं लागतं. चार अँटेनांचा राउटर मोठ्याने ओरडेल, पण पाहुण्याच्या हातातला मोबाइल कुजबुजतो. त्याच्यात बॅटरी बारीक, अँटेना बारीक. राउटरचं मोबाइलला ऐकू येतं, मोबाइलचं राउटरला नीट ऐकू येत नाही. म्हणून काड्या दिसतात आणि पान उघडत नाही. त्यात आपल्याकडे परवान्याशिवाय वापरायच्या वायफायच्या ताकदीला सरकारी मर्यादा आहे, त्यामुळे खोक्यावर काहीही छापलं तरी त्याच्या पलीकडे कोणी जात नाही.

मग बूस्टर का नाही? ज्याला दुकानात बूस्टर म्हणतात तो खरं तर रिपीटर असतो. तो ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो. स्वस्तातला रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर बोलतो, म्हणून निम्मा वेळ ऐकण्यात जातो आणि वेग साधारण निम्मा होतो. त्याहून वाईट म्हणजे लोक तो लावतात कुठे? जिथे रेंज नाही तिथे! अहो, त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तर तो पुढे काय सांगणार? ताईंच्या मागच्या खोलीत काड्या पूर्ण होत्या, त्या बूस्टरच्या होत्या. बूस्टर आणि ओटीवरचा राउटर यांच्यामध्ये माजघराच्या दोन भिंती तशाच उभ्या होत्या.

भिंत हरवायची नसते, भिंतीला भोक पाडायचं असतं. बोटाच्या जाडीचं एक भोक, त्यातून एक कॅट ६ केबल आणि पलीकडे एक ॲक्सेस पॉइंट. ॲक्सेस पॉइंट म्हणजे वायरने इंटरनेट घेऊन त्या खोलीत वायफाय देणारा डबा. तो त्याच खोलीत असल्यामुळे मध्ये भिंतच नाही. ५ गिगाहर्ट्झचा पूर्ण फायदा तिथे मिळतो.

घरात जुना राउटर पडला असेल तर तोच ॲक्सेस पॉइंट होतो. बऱ्याच राउटरमध्ये "ॲक्सेस पॉइंट मोड" असतोच, तो निवडा. नसेल तर जुन्या राउटरचा आयपी पत्ता मुख्य राउटरशी भांडणार नाही असा बदला, त्यातलं डीएचसीपी बंद करा आणि केबल वॅन म्हणजे इंटरनेट लिहिलेल्या भोकात न घालता लॅनच्या भोकात घाला. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तोच ठेवा, पण २.४चं चॅनल वेगळं ठेवा. चॅनल निवडताना १, ६ किंवा ११ यांपैकीच, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. आणि एक उलटी वाटणारी गोष्ट करा, राउटर आणि ॲक्सेस पॉइंट दोन्हींची ताकद थोडी कमी करा. नाहीतर मोबाइल ओटीवरच्या राउटरला गोचिडासारखा चिकटून बसतो आणि शेजारचा चांगला सिग्नल सोडून लांबच्यावरच लटकत राहतो.

केबल घेताना मात्र कंजुषी करू नका. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल मिळते, दिसायला तशीच आणि भावाला गोड. तिचे तुकडे पडतात, जोड सैल होतात आणि केबलमधूनच वीज पाठवायची असेल तर ती तापते. संपूर्ण तांब्याचीच मागा. टोक सुरीने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा. एका ओढीत १०० मीटरपर्यंतच चालते, हे लक्षात ठेवा. आपल्या घरांना ते पुरेसं आहे.

वीज केबलमधूनच पाठवण्याच्या सोयीला पीओई म्हणतात. ही सोय मला फार आवडते. ॲक्सेस पॉइंट छताला किंवा वाश्याला लावला तरी तिथे प्लग पॉइंट काढायला नको. आणि ओटीवर एकच छोटा यूपीएस ठेवला की फायबरचा डबा, राउटर आणि सगळे ॲक्सेस पॉइंट लाइट गेल्यावरही चालू राहतात. मे महिन्यात संध्याकाळी लाइट जाते आणि पाहुणा मीटिंगमध्ये असतो, तेव्हा याची किंमत कळते. फक्त एक सांभाळा. स्वस्त वस्तूंत पीओईचे प्रकार वेगवेगळे असतात, स्विच आणि डबा एकाच प्रकारचे आहेत ना हे खोक्यावर वाचून घ्या, नाहीतर डबा जळतो.

ताईंच्या घरात केबल कुठून नेली म्हणाल तर माळ्यावरून. कौलारू घरात हा फायदा असतो, भिंती वर छतापर्यंत बंद नसतात. बऱ्याच ठिकाणी भोक पाडायचीही गरज पडली नाही. पण केबल पाइपातूनच न्या. उंदीर प्लास्टिक सोडत नाहीत. आणि केबल कौलांना लागून बांधू नका, वाश्याच्या खालच्या अंगाला बांधा. दरवर्षी पावसाआधी शाकारणी होते, तेव्हा कौलं काढणारा गडी तुमच्या केबलची पूजा करणार नाही. जिथे भिंत फोडावीच लागते तिथे भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. केबल आत शिरण्याआधी खाली एक झोल द्या, पाणी तिथून टपकून जातं. कधीही न सुकणाऱ्या त्या डागाचं मूळ बऱ्याचदा एवढंच असतं.

आता अंगण, खळं, गच्ची. इथेच धंदा असतो. टेबलं इथे, फोटो इथे, पेमेंट इथे. लोक राउटर खिडकीत ठेवून प्रयत्न करतात. थोडं जमतंही, काच फारशी खात नाही. पण खिडकीला गज आणि जाळी असते आणि दुपारच्या उन्हात राउटर भाजून निघतो. बाहेर बाहेरचाच डबा लावा. आयपी ६५ किंवा ६७ लिहिलेला घ्या, म्हणजे धूळ आणि पाऊस सोसतो. पडवीच्या वळचणीखाली, माणसाच्या डोक्यावर, खळ्याकडे तोंड करून. बाहेरची केबलही वेगळी असते, काळ्या आवरणाची, उन्हात न तडकणारी. घरातली करडी केबल बाहेर टाकली तर एक-दोन उन्हाळ्यांत तिचे पापुद्रे निघतात. माकडांचा त्रास असेल तर लोंबती केबल म्हणजे त्यांचा झोपाळा, तेव्हा पाइप घट्ट क्लॅम्प करा.

बागेतल्या खोल्यांचं काय? मध्ये झाडं. पानांत पाणीच असतं, पावसात तर दुप्पट. वायफाय झाडांमधून फेकू नका. साठ मीटर आहे म्हणजे तांब्याची केबल लांबीच्या हिशोबाने चालली असती, पण मी नाही म्हटलं. कारण वीज. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात कोकणात जो गडगडाट होतो, त्यात दोन इमारतींना जोडणारी तांब्याची तार म्हणजे आमंत्रण. आपण तिथे फायबर टाकली. काच वीज वाहून नेत नाही. फक्त काही फायबर केबलींना आधाराची लोखंडी तार असते, ती इमारतीबाहेरच कापून ठेवायची, आत आणायची नाही. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर नावाची काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी लागते. गावात घरोघरी फायबर जोडणारा मुलगा असतो, त्याच्याकडे जोडायचं मशीन असतं. त्याला दोन टोकं जोडायला सांगा, अर्ध्या तासाचं काम. तरीही वीज चमकायला लागली की प्लग काढायचे, हे ताईंच्या मुलाला मी तीनदा सांगितलं.

एकूण खर्च चौदा हजारांच्या थोडा वर गेला, मजुरीसकट. आधीच्या साडेनऊ हजारांतला मोठा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून मागच्या खोल्यांकडे लागला, तेवढं वाचलं. तिन्ही बूस्टर कपाटात आहेत.

काही जण म्हणतील, सर, तुम्ही मेश विसरलात. नाही विसरलो. भाड्याचा फ्लॅट आहे, मालक खिळा ठोकू देत नाही, भिंती चार-सहा इंची आहेत, तर मेश घ्या, बिनधास्त. चांगल्या मेशमध्ये आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा पट्टा असतो, त्यामुळे वेग निम्मा होत नाही. पण मेशचे दोन डबे एकमेकांशी बोलतात ते हवेतूनच, आणि मधली चिऱ्याची भिंत तीच असते. दोन डब्यांमध्ये मोकळा दरवाजा किंवा पॅसेज असेल तरच मजा. स्वतःचं घर असेल आणि त्यातून कमाई करायची असेल तर मेश घेऊनसुद्धा मधे केबल ओढा. बहुतेक मेशला ती सोय असते. म्हणजे शेवटी घोडं वायरपाशीच येऊन पेंड खातं.

फायबर टाकली म्हणून पाहुण्यांना घरचाच पासवर्ड देऊ नका, हेही सांगून ठेवतो. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं, तेच द्या. तुमचा कॅमेरा, हिशोबाचा लॅपटॉप, प्रिंटर वेगळ्यावर राहू दे. कॅमेरे शक्य असेल तर वायरवरच घ्या, नाहीतर सगळा २.४चा पट्टा तेच खाऊन टाकतात. आणि जाड भिंतींच्या घरात मोबाइलचं नेटवर्कही मेलेलं असतं, तिथे पाहुण्याला वायफाय कॉलिंग चालू करायला सांगा. जिओ आणि एअरटेलवर २०१९-२० पासून ती सोय आहे. "इथे फोनच लागत नाही" ही दुसरी तक्रार त्याच खर्चात मिटते.

आता ज्यांना होमस्टे काढायचा नाही, पण हाताला काम हवं आहे, त्यांच्यासाठी. हा धंदा करा. मनापासून सांगतोय. सीसीटीव्ही लावणारी, डिश लावणारी, वायरमनकी करणारी मुलं तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यांच्याकडे शिडी आहे, ड्रिल आहे, लांब बिट आहे. वर लागतं काय तर क्रिम्पिंग टूल, केबल टेस्टर आणि मोबाइलवरचं ते फुकट ॲप. केबलचा ३०५ मीटरचा डबा घेतला की दोन-तीन घरं होतात. होमस्टे, क्लास, दवाखाना, मंगल कार्यालय, गच्चीवरचं हॉटेल, घरून काम करणारी मुलं, सगळ्यांना हेच दुखणं आहे. आणि त्यांना भेटतो तो डबा विकणारा.

तुम्ही डबा विकू नका, मोजमाप विका. पहिल्या भेटीचे पैसे घ्या, पाचशे असोत, हजार असोत, आणि काम मिळालं तर बिलातून वजा करा. फुकट बघायला जाणाऱ्याला गिऱ्हाईक फुकटच धरतं. एका कागदावर घराचा कच्चा नकाशा काढा, प्रत्येक खोलीत दार बंद करून उणे किती ते लिहा. पाहुणा दार बंद करून झोपतो, हे विसरू नका. ओटीवर राउटरशेजारी वेग किती तेही लिहा. तिथेच वेग नसेल तर दोष कनेक्शनचा आहे, तसं सरळ सांगा आणि काम घेऊ नका. काम झाल्यावर त्याच कागदावर दुसऱ्या शाईने नवे आकडे लिहा आणि गिऱ्हाइकाकडे ठेवा. भाव पॉइंटप्रमाणे द्या. हमी सिग्नलची द्या, "बागेतल्या खोलीत दार बंद करून उणे ६५पेक्षा खराब असणार नाही." इंटरनेटच्या वेगाची हमी देऊ नका, तो कंपनीच्या हातात आहे. वस्तूंचं बिल गिऱ्हाइकाच्या नावाने करा म्हणजे वॉरंटी त्याची. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा. दोन वर्षांनी तुम्हीच शिडीवर उभे असाल आणि स्वतःला शिव्या घालाल.

वर्षाला दोन भेटींचा करार ठेवा. एक शाकारणी झाल्यावर, पाऊस सुरू व्हायच्या आत, दुसरी ऑक्टोबरचा गडगडाट संपल्यावर, दिवाळीच्या सीझनआधी. ताईंकडे हे काम आता त्यांच्याच वाडीतला एक आयटीआय झालेला मुलगा करतो. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात गेला तर माळ्यावरची केबल शाकारणीत वाश्यावरून निघून कौलाखाली चेपलेली सापडली. मागच्या खोलीतला आकडा उणे ५२ च होता, कारण वायफाय ठीकच होतं, पण वेग दहावर आला होता. त्याने केबल बदलली, कागदावर तारीख टाकली आणि खाली लिहिलं, पुढच्या वर्षी गड्यांच्या आधी यायचं.